झऱ्यावरच्या वाकळा

समुद्र बघायला जाताना कुणी घरातल्या मळक्या वाकळा सोबत नेत नाही. आम्ही नेल्या. करारावर घेतलेल्या एसटीच्या टपावर गाठोडी चढवायला लागलो तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून बघत राहिला.

"मावशे, फिरायला चालला का गाव सोडून चालला?"

"गाव सोडायचं असतं तर तुझी गाडी कशाला केली असती बाबा," माझी शेजारीण म्हणाली. "चांगली बैलगाडी केली असती. ती बंद तरी पडत न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले. टपावर सगळ्यात मोठं गाठोडं माझं होतं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना बाहेरून माणसं आली, माणसांना खोल्या लागल्या. माझा मुलगा एका कचेरीत शिपाई म्हणून लागला आणि आम्ही जळकोटकडचं गाव सोडून लातुरात दोन खोल्या बांधल्या. तिसरी पत्र्याची होती, ती भाड्यानं दिली. जिल्ह्याबरोबर पाणी मात्र आलं नाही. दोन सालं लागोपाठ पावसानं तोंड फिरवलं. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं आणि टँकर आला की गल्लीतली म्हातारी-कोतारी सुद्धा घागर घेऊन पळत होती. आम्ही भांडी राखेनं कोरडीच घासायचो. आंघोळीला बाजेवर बसायचं आणि खाली घमेलं ठेवायचं. घमेल्यातल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि फडकं लिंबाच्या बुडाशी पिळायचं. अशात वाकळा कोण धुणार? वाकळ भिजवायची म्हणजे घागरीच्या घागरी ती एकटी पिऊन बसते. आम्ही नुसत्या उन्हात टाकायचो आणि काठीनं झोडपायचो. रात्री तोंडावर घेतली की घामाचा, तेलाचा, लेकरांच्या मुताचा वास यायचा. वासाची सवय झाली होती. पाहुणा आला की ती वाकळ त्याला अंथरायची लाज मात्र गेली नव्हती.

पत्र्याच्या खोलीत कोकणातला एक पोरगा राहायला आला. माझ्या मुलाच्याच कचेरीत कारकून. जातीनं कुणबी. आमची गल्ली सगळी बौद्धांची. मी त्याला दारातच सांगितलं, "आम्ही बौद्ध हाव. चालत असंल तर राहा. नंतर नाक मुरडायचं न्हाई."

तो म्हणाला, "मावशी, खोलीत पंखा आहे का?"

पंखा नव्हता. तरी राहिला. माझ्या हातची भाकरी खायचा, आजारी पडला तर आमच्याच घरात झोपायचा. पण पाण्यावरून मी त्याला रोज बोलायची. त्याला पाणी मी मोजून द्यायची आणि तो पेल्यातलं उरलेलं पाणी दारातून बाहेर भिरकावून द्यायचा. दिसलं की मी ओरडायची.

"अरे, पाणी काय आभाळातून पडतं का?"

"मावशी, सगळीकडं आभाळातूनच पडतं."

"तुमच्याकडं पडतं. आमच्याकडं नुसतं आभाळ हाय."

मग तो हसत आपल्याकडच्या पावसाचं सांगायचा. चार महिने पागोळ्या थांबत नाहीत, भिंतींना शेवाळ चढतं, कपडे चुलीवर टांगून वाळवावे लागतात. गल्लीतल्या बाया काम टाकून ऐकायच्या, जसं उपाशी माणूस लग्नाच्या जेवणाचं ऐकतं तसं. उन्हाळ्याचं त्यानं कधी सांगितलं नाही. आम्ही कधी विचारलं नाही.

त्याची बहीण माहेरी बाळंत झाली. बारसं मे महिन्यात, सुटीत. त्यानं आमच्या गल्लीला आणि कचेरीतल्या लोकांना आवतण दिलं. समुद्र दाखवतो, देऊळ दाखवतो, दीपगृह, किल्ला, सगळं दाखवतो म्हणाला. लोकांनी मिळून गाडी केली. निघायच्या आधी मी त्याला बाजूला घेतलं.

"तुझ्या आईला सांगितलंस का, आम्ही कोण ते?"

"सांगितलं की. माझी मावशी येतेय म्हणून."

मला ते उत्तर पुरलं नाही. पण पुढं विचारलं नाही.

गाडी आंबा घाटातून उतरायला लागली तेव्हा बाया खिडक्यांना चिकटल्या. एवढं हिरवं आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडं मे महिन्यात रानात डोळ्याला गारवा म्हणून निवडुंग असतो. इथं दरीच्या तळापर्यंत झाडं. ज्याला त्याला वाटलं, याच्या खाली पाणीच पाणी असणार. माझी सून तर म्हणाली, "आत्याबाई, हितल्या बाया पाण्याला जातच नसतील. पाणीच घरात येत असंल."

समुद्राचं म्हणाल तर तो मला फारसा आवडला नाही. किनाऱ्यावर गणपतीचं देऊळ होतं, वाळू पांढरी, लाटा येऊन पायरीला लागत होत्या. लोक पाण्यात ओरडत, नाचत होते. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. एवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही, याचा मला रागच आला. दीपगृहाच्या पायऱ्या चढून गुडघे दुखले. वरून खूप लांबवर दिसतं म्हणतात. मला वरूनही पाणीच दिसलं.

संध्याकाळी त्याच्या वाडीत पोचलो. चिऱ्याचं कौलारू घर, पुढं सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मागं माड आणि पोफळी. बायांना घरात आणि पडवीत घेतलं, पुरुष शेजारच्या खळ्यात. त्याची आई माझ्याच वयाची, काटक, काळी, बोलायला कमी. तिनं भात आणि माशाचं कालवण वाढलं. मी जेवताना ताटाकडं कमी आणि तिच्या हाताकडं जास्त बघत होते. ताटं वेगळी काढली आहेत का, तांब्या वरून धरते का, आपली भांडी आपल्यालाच उचलायला लावते का. तिनं तसलं काही केलं नाही. माझं ताट तिनंच उचललं. तरी माझं बघणं थांबलं नाही. पन्नास वर्षांचं बघणं एका जेवणात थांबत नाही.

अंधार पडायच्या आधी पोरानं आम्हाला पोफळीच्या बागेतून खाली नेलं. चिऱ्याच्या पायऱ्या उतरून एक झरा. कातळाला भेग, भेगेतून पाणी, खाली दगडाची डोणी. डोणी काठोकाठ भरत आली होती. भोवती नेचे, शेवाळ, थंडगार सावली. "हा उन्हाळ्यात पण आटत नाही," तो अभिमानानं म्हणाला. कचेरीतल्या एकानं त्याचा फोटो काढला. आम्ही बायांनी एकमेकींकडं बघितलं. सगळींच्या डोळ्यांपुढं टपावरची गाठोडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमाणसं समुद्राकडं गेली. घरातल्या बाया उद्याच्या बारशाच्या तयारीत होत्या. आम्ही टपावरची गाठोडी उतरवली आणि खाली नेली.

खोटं कशाला बोलू, त्या सकाळसारखी मजा मला फार वर्षांत आली नव्हती. वाकळा डोणीत बुडवल्या. सोडा टाकला, साबणाच्या वड्या घासल्या, पायानं तुडवल्या. पाणी आधी चहासारखं झालं, मग काळं. शेजारणीनं लुगडं खोचलं आणि डोणीतच उभी राहिली.

"बघा गं, दोन सालाची घाण निघायलीय!"

"तुझ्या नवऱ्याची निघाली का बघ आधी," कुणीतरी म्हणालं, आणि हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी सून गाणं म्हणत होती. मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर कुणीतरी थांबलं. त्या पोराची आई. कमरेवर कळशी, मागं वाडीतल्या दोन बाया हंडे घेऊन. ती खाली उतरलीच नाही. डोणीकडं बघत तशीच उभी राहिली.

तो चेहरा मला माहीत होता. लहानपणी आमच्या गावात विहिरीच्या ओट्याखाली मी घागर घेऊन उभी राहायची. वर कुणी बाई आली आणि तिला दया आली तर ती लांबून ओतायची. एकदा माझी घागर तिच्या दोराला लागली. तेव्हा त्या बाईचा चेहरा असाच झाला होता. दोर तिनं तिथंच टाकून दिला आणि माझ्या आईला आठ दिवस पाणी मिळालं नाही.

म्हणून तिनं तोंड उघडायच्या आधीच मी बोलले. माझा आवाज मोठा आहे.

"काय झालं? आमचा हात लागला म्हणून बाटलं का पाणी? तोंडावर सांगा. काल ताट उचलून दाखवलं, ते कशाला मग? सांगा, म्हणजे गाठोडी बांधून आत्ता निघतो!"

सुनेनं माझा दंड धरला. "आत्याबाई, गप बसा."

त्या बाईला आधी कळलंच नाही मी काय म्हणते ते. मग कळलं. कळलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. कळशी तिनं खाली ठेवली.

"तसं नाय वो," ती म्हणाली. "हात कुनाचा बी लागू दे. साबन... प्यायचं पानी हाय ते. समद्या वाडीचं."

तिनं डोणीकडं हात केला.

"शिमगा झाला की हिरी आटतात आमच्या. मग ह्यो एकच. कालपासनं वाडीनं पानी न्हेलं नाय. उद्याच्या बारशाला म्हनून साठू दिलं होतं."

तिच्या मागची एक बाई हंडा पायरीवर आपटत म्हणाली, "तुजा पोरगा तर सांगत होता, लातूरची मावशी पान्याचा थेंब मोजून देते म्हनून. चांगलं मोजलंन."

तेव्हा मी त्या झऱ्याकडं नीट बघितलं. भेगेतून येणारी धार करंगळीएवढी होती. डोणी भरलेली होती ती कालपासूनच्या साठवणीनं. आमच्या गावात नदी आटली की वाळूत खड्डा करतो, त्याला झिरा म्हणतो. तळाला पाणी पाझरतं. वाटीनं उपसायचं, घागरीत टाकायचं आणि पुन्हा पाझरायची वाट बघायची. अशा झिऱ्यापाशी मी पहाटेपासून दुपारपर्यंत बसलेली बाई आहे. त्यात कुणी पाय धुतला असता तर मी त्याचा पाय मोडला असता. आणि इथं दगडात तसाच झिरा समोर असताना मला तो दिसला नाही. भोवती झाडं होती म्हणून दिसला नाही. हिरवं आहे म्हणजे पाणी आहे, एवढंच मी धरून बसले होते.

शेजारीण डोणीतून बाहेर आली. तिच्या पायांवरचा फेस मला बघवेना.

मी खाली बसले आणि वाकळा ओढून बाहेर काढायला लागले. बाकीच्यांनीही हात लावला. साबण भरलेली वाकळ मेलेल्या जनावराइतकी जड होते. त्या तशाच, न खळबळता, बागेबाहेरच्या कातळावर नेऊन टाकल्या. मग डोणीतलं घाण पाणी उपसलं. सोड्याचं पाणी पोफळीला चालणार नाही म्हणून ते बादल्यांनी लांब रस्त्यापलीकडं नेऊन ओतलं. डोणी नारळाच्या काथ्यानं घासली. झऱ्यातलं येईल ते पाणी तिच्यात घ्यायचं, घासायचं, फेकायचं, असं बोटाला साबण लागायचा बंद होईपर्यंत केलं. वाडीतल्या दोघी वरून बघत होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर हात जरा हलके चालले असते.

मग भरायचं काम. डोणी भरायची वाट बघायला वेळ नव्हता. मी करवंटी मागून घेतली, भेगेखाली बसले आणि करवंटीनं पाणी धरून हंड्यात टाकायला लागले. हंडा भरला की सून आणि इतर बाया वर नेत होत्या. पायऱ्या पुष्कळ होत्या. पोरगा समुद्रावरून परत आला तेव्हा त्याला कळलं. त्याचा चेहरा मी बघितला नाही.

"मावशी, दुपारी होडी आहे. किल्ल्याला जायचं ना?"

"तू ह्यांना घेऊन जा."

"उद्या नाही जमणार मग. उद्या बारसं आणि लगेच निघायचं."

"जा म्हणलं न्हवं."

पुरुष गेले. पाण्यातला किल्ला मी पाहिला नाही. लोक सांगतात आत गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणून. असेल.

दुपारी त्याची आई माझ्याजवळ येऊन बसली. दुसरी करवंटी घेतली. माझी भरली की मी बाजूला व्हायची, तिची ती पुढं करायची. मला माफी वगैरे मागता येत नाही. शेवटी म्हणाले, "मी चुकीचं बोलले तुमाला."

ती पाण्याकडंच बघत होती.

"आमच्या वाडीत काय कमी नाय ते," ती म्हणाली. "पलीकडं बौद्धवाडीचा पानवठा अजून बी येगळा हाय. तुमाला वाटलं ते उगाच नाय वाटलं." मग जरा थांबून म्हणाली, "पन मला वाटलं न्हवतं, तुमाला माझं तसं वाटंल."

आदल्या रात्री तिनं माझं ताट उचललं होतं. ते दाखवायलाच केलं, असं मी तिच्याच तोंडावर फेकलं होतं. आणि तिच्या घरचा कार्यक्रम आमच्या घामात, मुतात, साबणात बुडवून वर तिलाच दरडावलं होतं. माझी भीती खोटी नव्हती. पण ती चुकीच्या बाईवर पडली होती.

दिवस मावळेपर्यंत घरातली बरीच भांडी भरली, सगळी नाही. दुसऱ्या दिवशी बारशाला कोकमाचं सरबत अर्धा पेला मिळालं. जेवणानंतर पाहुण्यांच्या हातावर पेल्यानं बेतानं पाणी घातलं. एक म्हातारा कुरकुरला, "एवढ्याशा पान्यात हात काय धुवायचं गो?" तिनं त्याला सांगितलं, "उन्हाळा हाय काका." एवढंच. आमचं नाव घेतलं नाही. आमच्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या. शेजारणीला त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

बाळाला पाळण्याखालून एकीनं दुसरीच्या हातात द्यायचं असतं. पाळण्याच्या एका बाजूला ती बसली. दुसऱ्या बाजूला तिची जाऊ बसणार होती. तिनं जावेला हातानं थांबवलं आणि मला म्हणाली, "मावशी, तुमी या." सगळी वाडी बघत होती. मी गेले, बसले, बाळ हातात घेतलं. त्याच्या अंगाला तेलाचा आणि वेखंडाचा वास होता. अंग कोरडंच होतं. त्या दिवशी त्याला नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. लोकांना वाटलं असेल हिला केवढा मान मिळाला. तिनं मला भरल्या खळ्यात चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी गेले असते.

परतताना साबण भरलेल्या ओल्या वाकळा पुन्हा टपावर. घाट चढताना त्यांचं पाणी खिडक्यांवरून ओघळत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशे, समुद्र वर ठेवला काय?" कुणी हसलं नाही. लातुरात त्या वाळल्या तेव्हा पापडासारख्या कडक झाल्या. साबण शिवणीत बसला होता. अंगावर घेतल्या की खाज यायची. खळबळायला पाणी नव्हतं. पुढचा पाऊस येईपर्यंत आम्ही तशाच पांघरल्या. गल्लीत कुणी विचारलं समुद्र कसा होता, तर मी खारट म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

पोरगा त्याच खोलीत राहिला. त्या गोष्टीवर त्यानं एक अक्षर काढलं नाही. एके दिवशी त्यानं सवयीनं पेल्यातलं उरलेलं पाणी दाराबाहेर फेकलं आणि लगेच मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी धान्य निवडत बसले होते. काही बोलले नाही.

"मावशी, आज ओरडला नाहीत?"

"न्हाई."

तो उंबऱ्यावर बसला. रिकामा पेला हातात फिरवत राहिला. मग मीच विचारलं.

"उन्हाळ्यात तुमच्याकडं पाणी आटतं, हे तू आधी का सांगितलं न्हाईस? रोज तर एवढं बोलायचास. एक शब्द बोलला असतास तर वाकळा घरीच राहिल्या असत्या."

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही घागर घेऊन टँकरमागं पळायचात, मावशी. तुमच्यापुढं आमच्या पाण्याचं रडगाणं काय गाऊ? लाज वाटायची."

मी सूप उचललं आणि आत गेले. संध्याकाळी त्याची घागर मीच भरून त्याच्या दारात ठेवली. त्या दिवसापासून मी त्याचं पाणी मोजलं नाही.